थेटरात दिलेला व्हय

खोताला पडद्यावर रडायला मिळालं म्हणून तो सुटला. आमच्या ह्यांना रडायला दिलंच नाही. उभं राहून गाऱ्हाणं घाला म्हणाले, ह्यांनी घातलं, आणि अख्ख्या पिक्चरचं पाप ह्यांच्या डोक्यावर येऊन बसलं.

मी प्रेमा घाडी. भांडुपला टेंभीपाड्याच्या चढावर आमचं मसाल्याचं कांडप आहे. सासऱ्यांची कापडगिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी दोन जुनी मशीनं घेऊन टाकली होती, ती अजून आम्ही दोघं चालवतो. एकीकडे कढईत मिरची परतायची, दुसरीकडे लोखंडी मुसळं उखळात आपटत राहतात, खाली चाळण. शिमग्यानंतर जे सुरू होतं ते पावसाचे ढग दिसेपर्यंत. तेवढ्या दिवसांवर आमचं वर्ष निघतं. तोंडाला ओला टॉवेल बांधायचा, हाताला खोबरेल लावायचं, आणि कितीही खाज आली तरी डोळ्याला बोट लावायचं नाही. बायका आपापल्या पिशव्या घेऊन बाकड्यावर बसतात, आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळत नाही ना यावर नजर ठेवून शिंकत राहतात.

आमचे हे, राजाराम, गावाहून मुंबईत आले ते ट्रंक आणि गळा घेऊन. मी भांडुपातच जन्मलेली. लग्न होऊन आले तेव्हा हे 'पाणी हाड' म्हणाले की मला वाटायचं, मेला मला कुत्र्यासारखं हाकलतोय. हाड म्हणजे आण, हे कळायला मला थोडे दिवस लागले, आणि तोवर मी दोनदा रुसून माहेरी जाऊन आले होते. ह्यांचं बोलणं आजही तसंच आहे, कणकवलीच्या पुढचं.

घाडी म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान. गाऱ्हाणं एकट्याने होत नाही. एक जण देवाला हाक मारून मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तो व्हय पडला की मागणं देवाकडे पोचलं, असं आमच्यात मानतात. इथे कांडपावरही कोणी लग्नाचा मसाला आणला, बाळंतिणीचा मसाला आणला, की हे मुसळ सोडण्याआधी चपला काढून हात जोडायचे आणि त्या घरासाठी गाऱ्हाणं घालायचे. बाकड्यावरच्या बायका शिंकत शिंकत व्हय म्हाराजा म्हणायच्या. वरच्या नाक्यावर नवीन मशीन आलं, चकाचक, मिरचीचा खकाणा बाहेर येत नाही असं. तरी आमची गिऱ्हाइकं तिकडे गेली नाहीत ती ह्या गाऱ्हाण्यामुळे.

तर आमच्या कोकणी मंडळाच्या पूजेला ह्यांचं गाऱ्हाणं एका पोराने ऐकलं. देवव्रत नाव, पवईचा, शिकला इंजिनिअरिंग आणि काढतोय पिक्चर. जुन्या काळातला कोकण, खोताचं राज्य, कुळांनी धान्याचा वाटा द्यायला नकार दिलेला, असा विषय. त्याला घाडी पाहिजे होता. हे म्हणाले, मी नट नाय. तो म्हणाला, म्हणूनच तर पाहिजे काका.

दिंडोशीच्या मागे चित्रनगरीत सेट लावला होता. प्लॅस्टरचं देऊळ, आत प्लॅस्टरचा देव. ह्यांना पागोटं घातलं, दात काळे केले. खोताचं काम करणारा नट देखणा, घाऱ्या डोळ्यांचा. तो खुर्चीत बसून नुसतं बोट वर करणार आणि घाडी त्याच्या वतीने बंडखोर कुळांवर गाऱ्हाणं घालणार. कागद वाचून हे म्हणाले, "ह्या शेवटचा माका नको. पाळण्याचा."

आमची जान्हवी सोबत होती. ती म्हणाली, "पप्पा, ॲक्टिंग आहे यार. देव पण खोटा आहे." ह्यांनी प्लॅस्टरच्या देवाकडे बघितलं, चपला तरीही काढल्या, आणि बोलले.

पिक्चर लागला तो ऐन मिरचीत. मंडळाने मुलुंडच्या थेटरात सकाळचा अख्खा शो घेतला, सगळे आपलेच लोक. लाडू वाटले, ह्यांना शाल घातली. माझ्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला चेतना, आणि तिच्या पलीकडे तिची सून श्रुतिका, सातव्या महिन्यातली. चेतना म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. दर वर्षी ती मिरची देठांसकट घेऊन येते, दर वर्षी हे तिच्यावर डाफरतात, आणि मग आम्ही तिघं बाकड्यावर बसून तिची देठं खुडतो.

पडद्यावर ह्यांचं तोंड आलं तशा शिट्ट्या सुरू झाल्या. हे पडद्यावर म्हणाले, "बा देवा म्हाराजा, बारा वाडयेच्या मालका, आज तुझी लेकरां तुझ्या दारात उबी आसत." सगळं थेटर म्हणालं, "व्हय म्हाराजा." कोणी सांगितलं नव्हतं. ते आमच्या तोंडातच बसलंय. गाऱ्हाणं ऐकायचं आणि गप्प बसायचं हे आम्हाला जमतच नाही. लोक आपल्याच आवाजावर खूश होऊन हसले.

"तेंच्या गुरांक चारो, तेंच्या बावडीक पाणी कमी पाडू नको."

"व्हय म्हाराजा."

"जो कोण ह्या खोताच्या शब्दाभायर गेलो आसात, तेच्या चुलीत इस्तो रवाक देऊ नको."

"व्हय म्हाराजा." चूल विझू दे म्हणण्याचा हाही व्हय गेला, त्याच जोशात.

"तेचा नाव घेवक कोण मागे ठेवू नको." ह्याला आवाज थोडे कमी झाले. तरी आले.

"तेच्या घरातलो पाळणो हलाक देऊ नको."

अर्ध्या थेटराने व्हय म्हाराजा म्हटलं आणि अर्ध्याच्या घशात अडकलं. चेतनाचा आवाज माझ्या कानाला लागूनच होता. ती म्हणाली, अगदी खणखणीत. हिरॉइन बंडखोर कुळातलीच, पुढच्याच सीनमध्ये तिचं तान्हं मूल तापाने जातं. श्रुतिकाने पोटावर पदर ओढून घेतला.

शेवटी खोत आजारी पडतो, कुळांच्या पाया पडून ओक्साबोक्शी रडतो, आणि हिरॉइनच्या मांडीवर मरतो. सगळं थेटर मुसमुसत होतं. ज्याने वाटा लुटला, ज्याने बोट वर करून शाप घालायला लावला, त्याच्यासाठी चेतना नाक पुसत होती. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणाली, "खोत वाईट नव्हता गं मनाने. तो घाडी मेला नीच." हे दोन पावलांवर शाल सावरत उभे होते.

त्या आठवड्यात श्रुतिकाला रक्त गेलं. रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं, चार दिवस ठेवलं, आणि घरी पाठवलं ते पलंगावरून उठायचं नाही असं सांगून. गर्भाची वार खाली आहे, हे डॉक्टरांनी पिक्चर लागायच्या आधीच्या सोनोग्राफीत सांगितलं होतं. जान्हवी घाटकोपरच्या लॅबमध्ये आहे, सोनोग्राफी तिथेच झालेली, तिने रिपोर्टवरची तारीख सगळ्यांना दाखवली. बायकांनी तारीख बघितली, मान हलवली, आणि आमच्या दुकानावरून पुढे वरच्या नाक्यावर गेल्या. तारखेने काय होतंय, व्हय तर तोंडातून गेलाच होता ना.

बाकडं रिकामं राहायला लागलं. वाण्याच्या दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. समोरची म्हातारी मुद्दाम मोठ्याने विचारायची, "घाडीणबाई, शापाचा वेगळा रेट आहे का?" मी तिला म्हटलं, तुमच्यासाठी फुकट घालतो, सांगा. नंतर घरी येऊन मला इतकं वाईट वाटलं की भाकरी करपली.

ह्यांना मात्र कोणी तोंडावर काही बोललं नाही, आणि तेच वाईट. एक बाई लेकीच्या लग्नाचा मसाला घेऊन आली, दुसरीकडे गर्दी म्हणून. ह्यांनी पिशवी उखळाजवळ नेली, चपला काढल्या, हात जोडले. तशी ती घाईघाईने उठली. "काका, तुम्ही काही म्हणू नका हां. नुसतं कांडा."

ह्यांनी हात खाली घेतले. चपला परत घातल्या. मशीन सुरू केलं आणि तो मसाला कांडून, चाळून, पिशवी बांधून तिच्या हातात दिला. त्यानंतर हे गाऱ्हाणं घालेनासे झाले. सकाळी दुकान उघडताना पुटपुटायचे तेवढंही बंद.

मी म्हटलं, "अहो, लोक वेडे आहेत. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"लोक येडे नाय," हे म्हणाले. "माजो शब्द बाटलो."

मी रागाने कढई आपटली. माझा नवरा ज्या गोष्टीसाठी मान ताठ ठेवून चालतो ती एकच गोष्ट आहे. त्याला ना पैसा मिळाला ना पेन्शन, एक शब्द मिळाला वडिलांकडून. तो असा मुलुंडच्या थेटरात सांडून जाऊ द्यायचा? मी ठरवलं की नाही जाऊ देणार.

आधी आम्ही पवईला गेलो, देवव्रतच्या ऑफिसात. खाली रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, गळ्यात पट्टा अडकवला. लिफ्टमध्ये एक मुलगी आमच्या शेजारी उभी होती ती तीनदा शिंकली. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेलो तरी मिरची आमच्या अंगातून जात नाही. हे कोपऱ्याला चिकटून उभे राहिले.

देवव्रत चांगला पोरगा आहे, खोटं कशाला बोलू. वाकून नमस्कार केला, कॉफी मागवली. हे कपाला न शिवता म्हणाले, "पाळण्याचा वाक्य काढून टाक."

"काका, आता नाही कापता येत. सगळीकडे लागलाय." मग तो हसला. "लोक शिव्या घालतायत ना तुम्हाला? अहो, ती तर पावती आहे. थेटरात लोक घाडीवर चिडतात तेव्हा मला वाटतं, पिक्चर जमला. खोतापेक्षा तुमचा सीन लक्षात राहतो लोकांच्या."

"लक्षात रवता, ताच तर," हे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "खोताक रडाक दिलंस. माका कित्याक नाय?"

पोरग्याने कप बाजूला सरकवला. मग त्याने खरं ते सांगितलं. "काका, सगळेच रडले तर लोक चिडणार कोणावर? कोणीतरी एक ठेवावा लागतो."

"आणि तो आमचाच का?" मी म्हटलं. "ज्याने बोट वर केलं तो देखणा म्हणून त्याला मांडीवर मरण. आणि ज्याचे दात तुम्ही काळे केलेत त्याला काही नाही?"

"काकू, स्क्रिप्टच तशी होती," तो हळूच म्हणाला. मग दिलासा द्यावा तसं म्हणाला, "तसंही गुरुवारी उतरतोय सगळीकडून. मुलुंडला दुपारचा एक शो राहिलाय फक्त. लोक विसरतील."

रिक्षात हे बाहेर बघत बसले होते. तलावावरचा वारा येत होता. भांडुपचा चढ लागला तेव्हा म्हणाले, "थेटरात दिलेलो व्हय थंयच रवलो. गुरुवारी पिक्चर गेलो की तो खंय शोधूचो?"

ते ह्यांनी नुसतं कण्हल्यासारखं म्हटलं होतं. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देवळात चुकून काही बोललं गेलं तर माणूस देवळातच जाऊन नाक घासतो ना, घरात बसून नाही. मग हे जिथे गेलं तिथूनच आणायला पाहिजे, आणि ते दार गुरुवारी बंद होणार होतं.

मी रिक्षा तशीच चेतनाच्या गल्लीत घ्यायला लावली.

पिक्चरनंतर मी चेतनाकडे गेले नव्हते, तीही आली नव्हती. मला वाटत होतं ती आमच्यावर रागावलीय. दार उघडलं तर तिचे डोळे सुजलेले. आत पलंगावर श्रुतिका पायाखाली उशा घेऊन पडलेली. खिडकीत मिरच्या वाळून कोळ झाल्या होत्या, देठांसकट. हे उंबऱ्याबाहेरच थांबले.

"भावजी, आत या ना," चेतना म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता. मग मला कोपऱ्यात ओढून ती हुंदका दाबत म्हणाली, "मी त्यांना काय बोलू गं? ते तर कागदावरचं बोलले. व्हय मी म्हटला. माझ्या तोंडाने, सून बाजूला बसलेली असताना. रोज पहाटे जाग येते आणि तोच आवाज येतो, माझाच."

म्हणजे ही आमच्यावर चिडलीच नव्हती. गल्लीने हिचं नाव पुढे करून आमच्यावर बहिष्कार टाकला होता, आणि ही बिचारी स्वतःलाच खात बसली होती. माझा अर्धा राग तिथेच उतरला आणि उरलेला गल्लीवर गेला.

"उद्या गुरुवार, शेवटचा शो आहे," मी म्हटलं. "तू दिलेला व्हय तू परत घ्यायचा. तिथेच. ह्यांनी पडद्यावर शाप म्हटला की नाय म्हाराजा म्हणायचं."

"असं असतं का कुठे? नाय म्हाराजा कोणी म्हणतं?"

"आजपर्यंत नसेल म्हटलं."

चेतना ह्यांच्याकडे बघायला लागली. हे उंबऱ्याबाहेर टॉवेल पिळत उभे. मग म्हणाले, "माजा काय जाता? घालणारो घालता. पोचवणारो म्हणजे जो व्हय म्हणता तो. तेका नाय म्हणाचो हक्क आसाच मा."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी येवचंय नाय. माका ता तोंड परत बगूचा नाय."

पलंगावरून श्रुतिका म्हणाली, "आई, तुम्ही जा. मी पण म्हटला असेन त्या दिवशी, मला आठवत नाही. माझ्या वाटचं पण म्हणा."

दुसऱ्या दिवशी मी कांडप बंद ठेवलं. मिरचीच्या दिवसांत, लख्ख ऊन पडलेलं असताना, दाराला कुलूप. शेजारचे बघतच राहिले. सकाळी मी वरच्या नाक्यावर गेले, त्या चकाचक मशीनसमोर रांगेत बसलेल्या आमच्याच बायकांपुढे उभी राहिले. एकीला काकू, एकीला वहिनी. म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी त्या दिवशी व्हय म्हटलंय. आमच्या ह्यांना नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण आपला व्हय आधी परत घ्या. नाहीतर उद्या कोणाच्या घरात पाल पडली तरी माझ्या दारात येऊ नका. तिकिटं जान्हवीने काढलीत, चला.

शापाचा रेट विचारणारी समोरची म्हातारीही रांगेत होती, ती म्हणाली, "आणि नाही आलो तर?"

"तर तुमचा व्हय तिथेच राहील," मी म्हटलं. "माझं काय जातंय?"

म्हातारी सगळ्यात आधी उठली.

निघताना हे चटईवर पडून होते. मी काही म्हटलं नाही. नाक्यावर आम्ही बायका रिक्षा ठरवत होतो, तेवढ्यात हे खांद्यावर टॉवेल टाकून चढ उतरताना दिसले. सगळ्यात मागच्या रिक्षात, ड्रायव्हरच्या बाजूला बसून आले.

थेटरात आमच्याशिवाय कॉलेजची काही पोरं, एक म्हातारं जोडपं, बस. एसी इतका की बायकांनी पदर डोक्यावर घेतले. हे माझ्या बाजूला बसले नाहीत, मागच्या रांगेत कडेला बसले. मध्ये हिरॉइन विहिरीवर गेली, खोताने घोडा नाचवला, कॉलेजच्या पोरींनी त्याच्यासाठी उसासे टाकले. मला काही दिसत नव्हतं. आता हसं झालं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही, हे मला कळत होतं.

मग देऊळ आलं आणि ह्यांचं तोंड आलं, काळ्या दातांचं.

"बा देवा म्हाराजा, बारा वाडयेच्या मालका..."

बायका अंग चोरून बसल्या. गुरांचा चारा, बावडीचं पाणी. मी म्हटलं, चांगल्याला व्हय म्हणायला काय झालं, आणि एकटीच म्हणाले, "व्हय म्हाराजा." पुढच्या रांगेतली पोरं वळून हसली.

"तेच्या चुलीत इस्तो रवाक देऊ नको."

"नाय म्हाराजा," मी म्हटलं. पण पडद्यावरची सगळी माणसं त्याच वेळी व्हय म्हाराजा गरजली. त्या स्पीकरपुढे माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही पिक्चरच्या बरोबर बोललो होतो, आज त्याच्या विरुद्ध बोलायचं होतं.

"तेचा नाव घेवक कोण मागे ठेवू नको."

आता चेतना उभी राहिली. म्हातारी उभी राहिली. "नाय म्हाराजा," सगळ्या ओरडल्या, आणि स्पीकरने तेही गिळलं. चेतनाचा गळा चिरकला. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पडद्यावर खोताने बोट वर केलं. पुढे काय येणार हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"तेच्या घरातलो पाळणो हलाक देऊ नको."

"नाय म्हाराजा!"

तो आवाज मागून आला. देवळाच्या सभामंडपात उभं राहून नदीपलीकडच्या वाडीला ऐकू जाईल असा काढतात तो आवाज. हे उभे होते, अनवाणी, हात जोडलेले, पडद्यावरच्या स्वतःकडे बघत. पडद्यावरची माणसं व्हय म्हणाली असतील, कोणाला ऐकू आलं नाही. ह्यांनी परत म्हटलं, "नाय म्हाराजा. पाळणो हलांदे." आणि आम्ही सगळ्या म्हणालो, "व्हय म्हाराजा."

चेतना अजून उभीच होती. पडद्यावर हिरॉइन रडायला लागली होती, तरी ती परत एकदा म्हणाली, "नाय म्हाराजा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे श्रुतिकाच्या वाटचं."

थेटरातला माणूस बॅटरी घेऊन धावत आला. "काय चाललंय काकू? बाहेर काढू काय?"

"काही नाही भाऊ," मी म्हटलं. "चुकून दिलेलं परत घेतलं. झालं आमचं."

तो बॅटरी मारून आमची तोंडं बघत राहिला आणि निघून गेला. आम्ही खाली बसलो. पिक्चर होता तसाच पुढे गेला. ते मूल आजही वाचलं नाही. शेवटी खोत मांडीवर मरायला लागला आणि मेली चेतना परत नाक पुसायला लागली. मी तिला कोपर मारलं. ती म्हणाली, काय करू, देखणा आहे.

मी मागे वळून बघितलं. हे टॉवेलाने डोळे पुसत होते. मला बघून म्हणाले, "मिरची गेली." सकाळपासून दुकानाला कुलूप होतं, हे मी बोलले नाही. रडू देत म्हटलं, ह्यांना कोणी रडू दिलं नव्हतं.

बाहेर ऊन रणरणत होतं. बायका रिक्षासाठी उभ्या होत्या आणि एकमेकींना आपण किती मोठ्याने ओरडलो ते सांगत होत्या. चेतना सरळ ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"भावजी, उद्या मिरची आणते. श्रुतिकाच्या बाळंतपणाचा मसाला करायचाय. गाऱ्हाणं घालाल ना?"

ह्यांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला, आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "देठ काडून हाड."